नंबर लागेल का?

माणसाला स्वतःच्या घरातली मिठाची बरणी सापडत नाही; पण शेजाऱ्याच्या मुलाचा मेडिकलला नंबर लागेल की नाही, हे मात्र तो छातीठोकपणे सांगतो. त्यासाठी मुलाचे मार्क ठाऊक असावे लागत नाहीत. परीक्षेचे नावही धड माहीत असावे लागत नाही. मुलाच्या वडिलांचा चेहरा आठवला की पुरते. वडील आपल्यातले असले तर "नक्की लागेल हो!", आणि त्यांनी कधीकाळी वाडीचा बांध वीतभर सरकवलेला असला तर "कठीण आहे हो!" आमच्या माकुणसारात बऱ्याच मुलांचे वैद्यकीय भवितव्य असे बांधावरच ठरून गेलेले असते.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधांच्या बिलांपुरता. तरीही असल्या बाबतीत लोक माझ्याकडे येतात, कारण गावाची अशी समजूत आहे की बँकेतला माणूस दिवसभर आकडे बघतो, म्हणजे त्याला भविष्य दिसते. वास्तविक बँकेतल्या माणसाला फक्त भूतकाळ दिसतो, आणि तोही मागच्या हप्त्यापर्यंतचाच. पण लोकांची समजूत ही मुदत ठेवीसारखी असते. मुदतीआधी मोडली तर नुकसान आपलेच. म्हणून मी ती मोडत नाही.

२०२५ सालच्या पावसाळ्यात आलेले प्रकरण मात्र जरा निराळे होते. हे बारावीचे पोर नव्हते. चांगला पदवीधर गडी. वय तेवीस. बारावीला बायॉलॉजी घेतलेली, पुढे केमिस्ट्रीत बी.एस्सी., फर्स्ट क्लास, आणि सध्या बोईसरला औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात नोकरी. आता गोळ्या तयार करण्याच्या बाजूने गोळ्या लिहून देण्याच्या बाजूला जायचे, असे त्याने मनावर घेतले होते. नोकरी सोडून वर्षभर अभ्यास करायचा विचार होता. मला म्हणाला, "काका, तुम्ही रोज लोकांचे अर्ज बघता. माझाही बघा आणि खरं सांगा. माझा नंबर लागेल का?"

'खरं सांगा' हे दोन शब्द मराठीत फार फसवे आहेत. बायको नवी साडी नेसून 'खरं सांगा' म्हणते तेव्हा तिला खरे नको असते, हे लग्नानंतर पहिल्या महिन्यातच कळते. कर्जदार काउंटरवर वाकून 'खरं सांगा साहेब, काम होईल का?' म्हणतो तेव्हा त्याला खरे हवे असते, पण ते 'हो' या स्वरूपात. या मुलाला कुठल्या जातीचे खरे हवे आहे, याचा अंदाज येईना. म्हणून मी आधी आकडे घेऊन बसलो. आकड्यांचा मोठा गुण हा, की खरे बोलल्याचा वाईटपणा त्यांच्या माथी मारता येतो.

परीक्षेचे नाव नीट. मराठी घरात या शब्दाची दहशत जुनीच आहे. नीट बस, नीट जेव, नीट वाग, यातून सुटून पोर जरा मोठे होते न होते तोच 'नीट दे'! प्रश्न १८०, मिनिटेही १८०. त्यात निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिक आणि रसायनशास्त्रात सारखे वाटलेले. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, आणि जो गप्प बसला त्याला दंड नाही. एकूण गुण ७२०. चुकीच्या उत्तराला दंड, हा नियम मला फार आवडला. तो देवळासमोरच्या पारावर लागू केला तर संध्याकाळी तिथे फक्त कुत्री बसलेली दिसतील.

२०२५ साली देशभरातून सुमारे २२ लाख मुलांनी ही परीक्षा दिली. त्यांतली १२ लाखांहून जास्त 'पात्र' ठरली. एम.बी.बी.एस.च्या जागा सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दहा पात्र मुलांत जेमतेम एकाला जागा. मराठीत पात्र म्हणजे भांडेही. हातात भांडे आले एवढेच. त्यात कुणी काही वाढेल याची हमी नाही. त्या वर्षी खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेघ ७२० पैकी १४४ वर होती, म्हणजे शंभरात वीस. तेवढ्यावर वाटलेले पेढेही मी खाल्ले आहेत. पेढे चांगले होते. पण बँकेत अर्ज आवक बारनिशीत चढला म्हणून कुणी घराचे कुलूप विकत आणत नाही.

दुसरी गंमत अशी की नुसत्या मार्कांवरून काहीच कळत नाही. २०२४ साली पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण होते. मग वाढीव गुणांवरून गोंधळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी सुधारलेल्या निकालात पैकीच्या पैकीवाले १७ उरले. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. म्हणजे २०२४ मध्ये ६८६ गुण घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या पुढे हजारो जण, आणि २०२५ मध्ये त्याच गुणांवर पुढे चिटपाखरू नाही! तेव्हा 'किती पडले?' हा प्रश्नच चुकीचा. 'पुढे किती उभे आहेत?' हा खरा प्रश्न. सफाळ्याला सकाळच्या गाडीसाठी फलाटावर उभ्या राहणाऱ्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही.

तिसरी गोष्ट ऐकून मुलाचा चेहरा उतरला. त्याच्या बी.एस्सी.च्या फर्स्ट क्लासला या हिशेबात शून्य किंमत. बारावीची अट पुरी झाली की पुढची पदवी कुणी बघतसुद्धा नाही. तीन वर्षांची ठेव, आणि पासबुकात नोंदच नाही!

अमेरिकेत याच्या अगदी उलटे. तिथे डॉक्टरकीकडे जायचे तर मुलगा बहुधा आधी पदवीधर होतो. मग एम-कॅट नावाची परीक्षा. तिचे गुण ४७२ पासून सुरू होतात आणि ५२८ ला संपतात. म्हणजे ज्याला काही म्हणजे काही येत नाही, त्याच्याही पदरात ४७२! ही पद्धत आमच्या वेळी असती तर माझ्या अकाउंटन्सीच्या मार्कांनी घरात एवढा हलकल्लोळ झाला नसता. पण तिथे नुसत्या गुणांवर भागत नाही. कॉलेजातली चारही वर्षे तपासतात, प्राध्यापकांची पत्रे मागतात, इस्पितळात काही सेवा केली आहे का बघतात, आणि समोर बसवून विचारतात, "बाबा रे, तुला डॉक्टर का व्हायचं आहे?"

हा प्रश्न आमच्याकडे कुणीच विचारत नाही. विचारला तर निम्मी मुले आईकडे बघतील.

लगेच 'बघा, अमेरिका!' म्हणून कुणी हळहळू नये. शिफारसपत्र ही वस्तू आमच्याकडे प्रवेशासाठी लागू झाली तर काय होईल, हे सांगायला वैद्यकीय परिषद नको. कुठल्याही शाखेतला शिपाई सांगेल. आमचा संगणक निर्दय आहे, पण तो कुणाचा भाचा नाही. माकुणसारच्या वाडीतल्या पोराला आणि मलबार हिलच्या पोराला तो सारख्याच निर्विकारपणे नापास करतो. एवढी समता आपल्याकडे दुसरीकडे कुठे दिसते?

डच लोकांनी निराळीच वाट काढली होती. तिथे १९७० च्या दशकापासून २०१७ पर्यंत मेडिकलच्या प्रवेशासाठी चक्क चिठ्ठ्या टाकत. मार्क चांगले असले तर चिठ्ठी निघण्याची शक्यता अधिक, एवढेच. पुढे अगदी वरच्या मुलांना थेट प्रवेश देऊ लागले. बाकीच्यांचे नशीब चिठ्ठीत. २०१७ मध्ये ती पद्धत बंद केली, आणि काही वर्षांतच विद्यापीठांना पुन्हा तशी मुभा दिली. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले. मग वाटले, यात एक मोठा प्रामाणिकपणा आहे. एका मर्यादेपुढे ६०१ आणि ६०२ यांतला चांगला डॉक्टर कोण होईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, हे त्यांनी कबूल केले. ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याला 'माझं नशीब' म्हणता येते. 'मी नालायक' असे म्हणावे लागत नाही. आमच्याकडेही चिठ्ठ्या आहेतच, फक्त त्यांना आपण गुणवत्ता म्हणतो. २०२० साली एका मुलाला आणि एका मुलीला दोघांनाही पैकीच्या पैकी ७२० गुण पडले. पहिला कोण? नियमाप्रमाणे वयाने मोठा तो पहिला. दोघांनी अभ्यास केला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा. निकाल लावला जन्मदाखल्याने.

वयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. "या वयात आता कसला डॉक्टर होतोस?" असे या तेवीस वर्षांच्या मुलाला गावात दोघातिघांनी ऐकवले होते. कमाल वयाची अट २०२२ मध्येच गेली आहे. त्याच्याही आधी, २०२० साली, ओडिशातल्या एका चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी नीट देऊन सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. ते स्टेट बँकेतून निवृत्त झालेले. ही बातमी मी घरी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. बायकोने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही आधी भाजीचा हिशेब नीट द्या."

असो. आता मुख्य अर्जाकडे वळू. मुलाने घरी घड्याळ लावून जुने पाच पेपर सोडवले होते. सरासरी ४२०. हा आकडा ऐकून बँकेच्या सवयीने मी दचकलो. फसवणुकीचे कलम २०२४ मध्ये बदलले, पण आमचे कान अजून जुनेच आहेत. केमिस्ट्री पक्की, बायॉलॉजी गंजलेली, फिजिक्स म्हणजे बुडीत खाते. सरकारी कॉलेजच्या रांगेत तो बराच मागे होता. खासगी कॉलेजची फी ऐकून तर कर्ज देणाराच घाम पुसतो. वर्षभर झटून अभ्यास केला तर? माझ्या मते दहात दोन. फार तर अडीच.

आता खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो गणिताचा नाही. दहात दोन हे त्याला सांगावे का? सांगितले आणि तो खचला तर? न सांगितले आणि तो वर्ष घालवून बसला तर? 'होईल रे, मनावर घे' म्हणणारे गावात पुष्कळ होते. 'आपल्यासारख्यांचं काम नाही ते' म्हणणारेही होते. मी दोन्ही पक्षांकडे नीट पाहिले, तेव्हा ध्यानात आले की दोघांत एक गोष्ट अगदी सारखी आहे. दोघांचाही एक पैसा गुंतलेला नाही. मुलगा पास झाला तर पहिला पक्ष पेढे खाणार, नापास झाला तर दुसरा पक्ष चहा पिणार. वर्ष जाणार ते मुलाचे.

बँकेत म्हणूनच जामीनदार नावाचा प्राणी निर्माण केला आहे. कर्जदाराचे तोंडभरून कौतुक करणारा मित्र बरोबर येतो. "साहेब, सोन्यासारखा माणूस आहे!" आपण म्हणावे, "मग इथे सही करा." त्या क्षणी सोन्याचे पितळ होते. पेन झटकले जाते, चष्मा घरी राहतो, 'जरा घरी विचारून येतो' होते. वीस वर्षे हे बघून माझे एक मत झाले आहे. कुणाच्या पोराच्या भवितव्याबद्दल बोलताना आपण जे म्हणतो त्याखाली जामीनदार म्हणून सही करायची तयारी असेल तेवढेच बोलावे. 'नक्की होईल' म्हणायचे तर न झाल्यावर त्याच्या दारात जाऊन बसायची तयारी हवी. 'नाद सोड' म्हणायचे तर दहा वर्षांनी तो कारखान्याच्या गेटवर आपल्याकडे ज्या नजरेने बघेल, ती झेलायची तयारी हवी. एवढा नियम पाळला तर जगातला सल्ला निम्म्यावर येईल, आणि उरलेला निम्मा कामाचा असेल.

आनंदीबाई जोश्यांचे उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवते. त्या कल्याणच्या. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत आम्हीही ठाणे जिल्ह्यातच होतो, म्हणून जुन्या जिल्ह्याच्या नात्याने त्या आमच्याच. १८८३ साली, वय अठरा, पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजकडे त्यांनी अर्ज केला. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? पदवी नाही. प्रमाणपत्र नाही. नवरा पोस्टात कारकून. तब्येत तोळामासा. स्वजनांचा विरोध. स्थावर तारण शून्य. मी लाल शाईने 'शिफारस नाही' लिहून फाइल बांधली असती, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरले असते. त्यांनी पत्रात आपल्या शिक्षणाचा तुटपुंजा हिशेब सरळ मांडला, आणि आपण इथवर कशासाठी आलो ते सांगितले. कॉलेजने त्यांना नुसता प्रवेश दिला नाही, तर शिष्यवृत्तीही दिली.

पण त्याहीआधी एक सही झालेली होती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना कधी पाहिलेही नव्हते. ओळख नुसत्या पत्रांची. तरी त्या बाई न्यूयॉर्कच्या बंदरावर घ्यायला आल्या आणि या मुलीला आपल्या घरी घेऊन गेल्या. याला म्हणतात जामीन राहणे. 'होईल हो, या अमेरिकेला' असे पत्रातून लिहायला टपालाच्या तिकिटापलीकडे खर्च नव्हता. बाईंनी घराचे दार उघडले.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली, पण प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आता सांगा, हे खाते बुडाले की फिटले? बँकेच्या वहीत ते थकीत दिसेल. एकाही रोग्याकडून फीचा रुपया नाही. पण महाराष्ट्रात ज्या ज्या घरातली मुलगी नंतर डॉक्टर झाली, त्या त्या घरातून या खात्यावर हप्ता जमा होतो आहे. सव्वाशेवर वर्षे झाली, अजून होतो आहे. नंबर लागणे आणि जन्म कारणी लागणे ही दोन निराळी खाती आहेत, हे या बाईंच्या उदाहरणावरून कळते. आम्ही मात्र एकातली रक्कम दुसऱ्यात दाखवतो आणि ताळेबंद जुळला म्हणून खूश होतो.

शेवटी मी त्या मुलाला दहात दोन हा आकडा सांगितला. गोड करून नाही, कडू करूनही नाही. मग म्हटले, "आता बँक विचारते ते विचारतो. धंदा चालला तर काय, हे आम्ही विचारत नाही. तेव्हा सगळेच हप्ते भरतात. नाही चालला तर तुझ्याजवळ काय उरेल?"

तो बराच वेळ बसला. मग बोटांवर हिशेब केला. जानेवारीपर्यंत नोकरी सांभाळून अभ्यास, मग राजीनामा. साठवलेल्या पैशांत पाच-सहा महिने निघतात. वडिलांच्या वाडीवर बोजा नाही. एकच प्रयत्न, दुसरा नाही. नाही जमले तर केमिस्ट्री हातात आहेच. हा हिशेब मला त्याच्या ४२० पेक्षा जास्त आवडला.

"आणि डॉक्टर का?" मी अमेरिकेसारखा प्रश्न टाकला.

म्हणाला, "काका, आमच्याकडे एका पाळीत गोळ्या लाखांनी निघतात. आणि घरी आजी बीपीची गोळी विळीवर अर्धी कापून खाते. ती अर्धी का खाते, हे कारखान्यात कुणी विचारत नाही. डॉक्टर विचारू शकतो, पण त्याच्या दारात साठ माणसं बसलेली असतात. मला ते विचारायचं आहे."

या उत्तराला नीटमध्ये शून्य गुण आहेत. त्यावर शक्यता दहात दोनची तीन होत नाही, आणि तसे मी त्याला सांगितलेही. पण माझ्यापुरता निकाल लागला होता. मी म्हटले, "अर्जावर माझी शिफारस नाही, पण जामीन राहतो. तुझा नंबर नाही लागला आणि 'वर्ष फुकट घालवलं' असं कुणी पारावर म्हणालं, तर उत्तर द्यायला मी येईन. आणि फिजिक्सच्या क्लासची फी कमी पडली तर तीही बघू."

आतून भांडे आपटल्याचा आवाज आला. जामीन राहण्याआधी घरात विचारायची पद्धत आहे, याची ती आठवण होती. मुलगा गेल्यावर ही बाहेर आली आणि म्हणाली, "किती फी आहे त्या क्लासची?" मी आकडा सांगितला. तिने तो ऐकला आणि म्हणाली, "त्याच्या आजीला सांगा, गोळी अर्धी करून नाही खायची." आणि मग, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एकाही जामीनदाराने केले नाही ते तिने केले. रक्कम पुन्हा एकदा विचारून घेतली आणि डब्यातले पैसे मोजायला लागली.